शब्दचर्चा: पाप, नियमशास्त्र, कृपा

जुना कारकून
गेल्या महिन्यात अहिल्यानगरला एका दिवंगत सहकाऱ्याच्या घरी स्मरण-प्रार्थनेला गेलो होतो. पाळकसाहेबांनी बायबलमधलं, येशूचा प्रेषित पौल याच्या रोमकरांस पत्रातलं एक वचन वाचलं: "तुमच्यावर पापाची सत्ता चालणार नाही, कारण तुम्ही नियमशास्त्राधीन नाही, तर कृपेच्या अधीन आहात." शब्द सगळे ओळखीचे, वाक्य मात्र डोक्यात बसेना. पाप आपण करतो, ते आपल्याला लागतं, मग आपण ते फेडतो. त्याची 'सत्ता' कशी चालेल? नियमशास्त्र म्हणजे कायदा की धर्मशास्त्र? आणि कृपेचा कायद्याशी काय संबंध? जाणकारांनी सांगावं.

उपरणं
तुमची अडचण 'पाप' या शब्दाच्या जोडीदारामुळे आहे. मराठीत पापाचा जोडीदार पुण्य. हा सगळा जमाखर्चाचा मामला: पापाचा घडा भरतो, पुण्य गाठीला बांधलं जातं. तुकोबांनी "पुण्य पर उपकार पाप ते परपीडा" म्हटलं, तेव्हाही दोन्ही पारडी समोरासमोरच होती. ख्रिस्ती मराठीत पुण्य जवळजवळ गायबच आहे. पापासमोर तिथे कृपा उभी असते, आणि कृपा काही जमेला धरता येत नाही. त्यामुळे शब्द तोच राहून हिशेबाची वही मात्र बदलते.

सेमिनरीतला
वरच्या प्रतिसादाला जोड देतो. पौल 'पाप' बहुतेकदा एकवचनात वापरतो, तेही एखाद्या धन्यासारखं किंवा सावकारासारखं. पाप राज्य करतं, माणसाला दास करतं. म्हणून 'सत्ता'. रोमकरांस ७ मध्ये तो म्हणतो की मला चांगलं करायची इच्छा आहे, पण हातून वाईटच होतं, आणि शेवटी "किती मी कष्टी माणूस!" असं ओरडतो. आपल्या नेहमीच्या अर्थानं पाप म्हणजे केलेलं कृत्य. इथं ते कृत्याच्या मागे बसलेलं काहीतरी आहे.

मूळ ग्रीक शब्द 'हमार्तिया'. धातूचा जुना अर्थ नेम चुकणे. हिब्रूतल्या 'हाता' या धातूचंही तसंच. बायबलच्या जुन्या, हिब्रू भागातल्या 'शास्ते' या पुस्तकात (२०:१६) बन्यामिनी वंशातले ७०० डावखुरे गोफणकरी येतात, केसावर दगड मारला तरी त्यांचा नेम चुकत नसे. तिथे 'चुकणे' याला हेच क्रियापद आहे.

गोफण
माझ्याच नावाचा उल्लेख झाल्यामुळे आलो! मग मराठीत याला सरळ 'चूक' का म्हटलं नाही? आपलं 'चुकणे' तर अगदी तेच आहे. नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते, माणूसही चुकतो. एकाच क्रियापदात सगळं.

सेमिनरीतला
कारण 'चूक' फार हलका शब्द आहे. दूध उतू गेलं तरी आपण "चूक झाली" म्हणतो. शिवाय व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. नेम चुकण्यावर प्रवचनं पुष्कळ होतात, पण पौलापर्यंत येईतो तो शब्द झिजून सरळ 'पाप' झाला होता. भाषांतरकारांनी पाप निवडलं ते बरोबरच केलं.

सासष्टीकर
गोव्यातून थोडी भर. आमच्या कोंकणी 'आमच्या बापा' प्रार्थनेत दोन्ही शब्द एका वाक्यात आहेत: आमी आमचेर चुकल्ल्यांक भोगसितांव, तशीं आमचीं पातकां भोगस. (भोगसणें म्हणजे क्षमा करणं.) म्हणजे दुसरा आमच्या बाबतीत नुसता 'चुकतो', देवासमोर मात्र आमचं ते 'पातक'. लहानपणी रोज म्हणायचो, हा फरक आज पहिल्यांदा लक्षात आला. पातक हे पत् धातूचं, म्हणजे खाली पाडणारं. कृपेला आम्ही कुर्पा म्हणतो. येशूच्या आईला, मारियेला, 'कुर्पेन भरिल्ले' म्हणून हाक मारतात.

उपरणं
छान! मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात याच प्रार्थनेत तिसराच शब्द आहे: "आमची ऋणे आम्हांला सोड." ऋण फेडायचं असतं हे मराठी माणसाच्या हाडीमाशी आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण, सगळी फेडायचीच. इथं ऋणको म्हणतो, सोडून दे. सावकाराच्या दारात असं म्हणून बघा!

जुना कारकून
हे पटलं. पण नियमशास्त्र राहिलंच.

सेमिनरीतला
देवानं मोशे या संदेष्ट्याद्वारे इस्राएली लोकांना दिलेलं ते नियमशास्त्र. हिब्रू 'तोरा', ग्रीक 'नोमोस'. 'कायदा' म्हटलं की कोर्टकचेरी आठवते, 'धर्मशास्त्र' म्हटलं की मनू. म्हणून हा जोडशब्द. तोराचा अर्थ मुळात शिकवण, दिशा दाखवणं. त्याच रूपाच्या हिब्रू धातूला बाण सोडणे हाही अर्थ आहे. दोन्ही धातू एकच का, यावर मतभेद आहेत. पण नेम चुकणं आणि नेम दाखवणं असे दोन शब्द शेजारी ठेवायचा मोह मलाही आवरत नाही. (वर मीच व्युत्पत्तीवरून गोफण यांना दटावलं होतं, तेव्हा माफी.)

पौलाच्या मते नियमशास्त्रानं पापाची जाणीव होते, पाप जात नाही. ओळंब्यानं भिंत वाकडी आहे हे कळतं. ओळंबा भिंत सरळ करत नाही. हा दाखला माझा, पौलाचा नव्हे.

मावशीबाई
'कृपा' या शब्दाची मराठीत फार दुर्दशा झाली आहे हो. "कृपया रांगेत उभे राहा", "साहेबांची कृपा", आणि घरात काही फुटलं की "ही सगळी तुझीच कृपा"! दया आणि कृपा यांत फरक करतात का?

सेमिनरीतला
ईश्वरशास्त्राच्या वर्गात करतात. वाट्याला यायची ती शिक्षा न देणं ही दया, वाट्याला नसलेलं देणं ही कृपा. "पापाचे वेतन मरण आहे, पण देवाचे कृपादान…" हे रोमकरांस ६:२३. मराठीत पापाचं 'फळ' म्हणतात, इथं 'वेतन' आहे. ग्रीक शब्द शिपायांच्या शिधापगाराचा. एका बाजूला कमावलेलं, दुसऱ्या बाजूला दिलेलं.

गोफण
मग फुकट मिळतंय म्हटल्यावर लोक पाप करतच राहतील की.

सेमिनरीतला
हा प्रश्न पौलानं स्वतःच विचारून ठेवलाय: "कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय?" आणि लगेच, "कधीच नाही!"

मावशीबाई
'कृपेत वाढत जा' असंही एक वचन आहे ना, पेत्राच्या दुसऱ्या पत्रात शेवटी? मला ते नेहमी पंगतीसारखं ऐकू येतं. वाढणे म्हणजे मोठं होणे, आणि वाढणे म्हणजे पानात घालणेही. दुसरं कुणीतरी वाढल्याशिवाय पहिलं होत नाही. मूळ ग्रीकमध्ये असं काही नसणार, पण मराठीत वाचणाऱ्याला हा अर्थ फुकटात मिळतो.

खडूफळा
उशिरा आलो. गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात नियमशास्त्राला "बालरक्षक" म्हटलंय. ग्रीकमध्ये 'पैदागोगोस', मुलाला घरून शाळेत पोचवणारा गुलाम. तो पंतोजी नव्हे, गडी. पुढच्याच ओळींत म्हटलंय की आता आपण बालरक्षकाच्या अधीन नाही.

गंमत अशी की मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे आणि शाळाबाह्य मुलांना शोधून शाळेत आणणाऱ्या आम्हा शिक्षकांनाही बालरक्षकच म्हणतात. एका ऊसतोड कामगाराच्या मुलाला मी तिसरीपासून मोटारसायकलवर घेऊन यायचो. तो सातवीत गेला तरी सकाळी त्यांच्या कोपीपुढे, म्हणजे झोपडीपुढे, जाऊन हॉर्न वाजवायचो. एक दिवस बाहेर येऊन म्हणाला, "सर, आता नका येऊ. मी येतो माझा."

जुना कारकून
सर्वांचे आभार. एक शेवटची शंका: 'अधीन' की 'आधीन'?

उपरणं
अधीन. स्वाधीन, पराधीन यांतला 'धी'च्या आधीचा आ संधीतून येतो, त्यामुळे लोक सुट्या शब्दालाही काना देतात.