'वर्तुळे काढण्यात वेळ घालवू नका' या सल्ल्याला उत्तर

पाटीपेन्सिल : दोन गटांत सामाईक किती, असे विचारणाऱ्या गणितांत 'दोन्ही संख्यांची बेरीज करा, त्यातून एकूण वजा करा, वर्तुळे काढत बसू नका' असा सल्ला काल येथे घड्याळकाटा यांनी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना दिला आणि त्यावर वाहवाही झाली, म्हणून हे लिहिणे भाग आहे. ५० विद्यार्थ्यांपैकी ३२ जण क्रिकेट खेळतात, २५ जण कबड्डी खेळतात आणि ६ जण यांपैकी काहीच खेळत नाहीत, तर दोन्ही खेळणारे किती? आपल्या कृतीने ७ येतात. खरे उत्तर १३ आहे, कारण वेन आकृतीत प्रत्येक गटाचे एक वर्तुळ आणि सर्व ५० जणांचा एक आयत असतो; ते ६ जण वर्तुळांबाहेर, पण आयताच्या आत असतात.

घड्याळकाटा : आधी ५० मधून ६ वजा करायचे, हे कळायला चित्रकला लागत नाही. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅटला, म्हणजे कल चाचणीच्या पेपरला, दोन तासांत ८० प्रश्न असतात, महाशय.

नववीची आई : आकृतीचे एवढे कौतुक आहे म्हणून सांगते. माझ्या मुलीने अशाच प्रश्नात छेदभागात (दोन्ही वर्तुळांच्या सामाईक भागात) १३, डावीकडे १९ आणि उजवीकडे १२ असे अचूक लिहिले, तरी विश्वसंचाचा, म्हणजे सर्व विद्यार्थ्यांचा, आयत नाही म्हणून शाळेने अर्धा गुण कापला.

खडूधूळ : मग राहिलेले ६ तिने कोठे लिहिले? मी हा धडा शिकवतो. आयत काढला नाही, तर त्या सहा जणांना जागाच उरत नाही.

नववीची आई : आकृतीखाली स्पष्ट लिहिले होते. उत्तरपत्रिका न पाहताच निवाडा देण्याची ही घाई नेमकी शिक्षकांनाच कशी जमते?

खडूधूळ : आणि अर्ध्या गुणासाठी शाळेवर चाल करून जाण्याची हौस पालकांनाच! आकृतीखाली लिहिलेले आकृतीत धरले जात नाही.

पाटीपेन्सिल : अर्धा गुण बाजूला ठेवू. १०० पैकी ७० जण चहा घेतात आणि ६० जण कॉफी, एवढेच दिले असेल, तर आपली कृती ३० सांगून मोकळी होते. वास्तविक काहीच न घेणारे किती हे ठाऊक नसल्यामुळे उत्तर ३० पासून ६० पर्यंत काहीही असू शकते.

घड्याळकाटा : म्हणूनच परीक्षेत 'किमान किती' असे विचारतात आणि ते ३०च येते. तीन संच असतील आणि 'नेमके दोनच' घेणारे दिले असतील, तेव्हा मात्र पाठ केलेले सूत्र (तिन्ही संचांची बेरीज, वजा प्रत्येक जोडीतील सामाईक, अधिक तिन्हींतील सामाईक) तसेच्या तसे वापरता येत नाही, कारण त्यातील प्रत्येक जोडीत तिन्ही घेणारेही मोजलेले असतात. तेथे खुशाल काढा वर्तुळे, हवे तर रंगवाही.

नववीची आई : आयत विसरू नका, गुण कापतात.