मामांना पार्किन्सन आणि त्यांच्याच मुलीशी माझं लग्न ठरतंय, मायटोकाँड्रियाचं कोणी समजावेल का?

नमस्कार मंडळी, साखरपुड्याची बोलणी चालू आहेत म्हणून जरा घाईत विचारतोय. सख्ख्या मामांना पस्तिशीच्या आतच पार्किन्सन निघाला. हात थरथरणं वगैरे नंतर, आधी चालताना डावं पाऊल आत वळायचं आणि चप्पल निसटायची, त्यामुळे हाडांच्या डॉक्टरांकडेच बराच काळ गेला. आता सिंडोपा (पार्किन्सनची नेहमीची गोळी) घेऊन बरे आहेत, फक्त गोळीचा जोर असताना मान आणि हात आपोआप हलत राहतात. जीन टेस्टमध्ये पार्किन जीनच्या दोन्ही कॉप्यांत एक्झॉन (जीनचे तुकडे) 3 आणि 4 गायब आले. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले बिघडलेले मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) साफ करायचं काम हा जीन करतो, ते साचत गेले की डोपामिन (हालचालींवर ताबा ठेवणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरतात. आजी-आजोबा आते-मामे भावंडंच होते.

घरचे म्हणतात मायटोकाँड्रिया आईकडूनच येतात, म्हणजे मामांचे पोरीकडे आलेच नाहीत, उडवा बार! माझी आई साठी ओलांडून ठणठणीत आहे. पण मला काही पटत नाहीये. टेस्ट करायची तर कोणाची? आणि मामीने मामांसाठी कोक्यूटेनच्या (मायटोकाँड्रियाला मदत करतं म्हणतात त्या सप्लिमेंटच्या) गोळ्या आणल्यात त्यांचं काय?

प्रतिसाद १:
जेनेटिक लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. मायटोकाँड्रिया आईकडून येतात हे खरंच, पण त्यांच्या स्वतःच्या डीएनएत जेमतेम 37 जीन्स, पार्किन त्यात नाहीच, तो बसलाय 6 नंबरच्या क्रोमोसोमवर, आणि तो आई-बाप दोघांकडून येतो. मामांच्या दोन्ही कॉप्या खराब म्हणजे मुलगी शंभर टक्के कॅरियर (एकच कॉपी खराब असलेली), तिला स्वतःला सहसा त्रास नाही. तुमची आई ठणठणीत असली तरी कॅरियर असण्याची शक्यता 3 पैकी 2, तुमची 3 पैकी 1. तुम्ही दोघं कॅरियर निघालात तर प्रत्येक मुलाला 25 टक्के धोका. टेस्ट थेट तुमचीच करा, आणि 'एमएलपीए' (जीनचे तुकडे गायब आहेत का ते मोजणारी) टेस्टच सांगा, एक्झॉन गायब असेल तर साध्या सिक्वेन्सिंगमध्ये निसटू शकतं. मामांचा रिपोर्ट सोबत न्या. कोक्यूटेनची उत्तर अमेरिकेत पार्किन्सनच्या 600 पेशंटवर ट्रायल झाली, 2014 ला निकाल छापला, फायदा शून्य. पैसे वाचवा.

धागाकर्ता:
खूप आभार ताई. रिपोर्ट मागायचा म्हणजे घरभर चर्चा होणार, पण इलाज नाही. तिला मात्र आज मीच फोन करून सांगतो. पुण्यात कोणी चांगले जेनेटिक काउन्सेलर माहीत असतील तर प्लीज व्यनि करा.