बॅकलॅश आणि झेड अक्ष
हाताने चालणारं मिलिंग मशीन सीएनसी (संगणकावर चालणारं) करायचं, असा इथला प्रश्न आहे. जुना लीड स्क्रू (टेबल सरकवणारा आट्यांचा दांडा) तसाच ठेवा आणि बॅकलॅश (दिशा बदलताना नट-स्क्रूमधल्या फटीमुळे वाया जाणारी हालचाल) सॉफ्टवेअरमधून काढा, हा वरचा सल्ला अर्धाच पटतो. ड्रिलिंगला चालून जाईल. पण मशीन चालवणारं सॉफ्टवेअर लिनक्ससीएनसी काय किंवा माक३ काय, दिशा बदलली की मोटर तेवढी जास्त फिरवतात, बस्स. नट आणि स्क्रूमधली फट तशीच राहते. क्लाइंब मिलिंगला (कटरची धार आणि टेबल एकाच दिशेने सरकतात तेव्हा) कटरच टेबल पुढे ओढतो, तेव्हा त्या फटीएवढा झटका बसतो. बारीक एंडमिल (मिलिंगचा कटर) तुटायला 0.2 मिमी खेळही पुरतो. गोल पॉकेट (खळगा) कापलंत तर जिथे अक्ष उलटतात त्या चार जागी व्रण दिसतीलच.

तेव्हा बॉलस्क्रू (ज्याच्या नटात गोळ्या फिरतात असा स्क्रू) घ्याच, पण झेडचा, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या अक्षाचा, विचार आधी करा, त्याबद्दल इथे कुणीच बोललेलं नाही. जुना स्क्रू घर्षणामुळे अडून राहतो, म्हणून हँडल सोडलं तरी हेड (कटर धरणारा वरचा भाग) जागेवर थांबतं. बॉलस्क्रूची कार्यक्षमता 90 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तो उलटाही सहज फिरतो. इमर्जन्सी स्टॉप दाबला, ड्राइव्हची वीज गेली, की जड हेड कटरसकट जॉबवर (कापायच्या तुकड्यावर) उतरतं (आणि ते बटण आपण दाबतो नेमकं काहीतरी बिनसलेलं असताना). झेडला वीज जाताच लागणारा ब्रेक असलेली मोटर हवी, जोडीला हेडचं वजन तोलायला गॅस स्प्रिंग किंवा काउंटरवेट. हा ब्रेक धरून ठेवायला असतो, फिरती मोटर थांबवायला नाही. म्हणून वायरिंगमध्ये क्रम सांभाळा: आधी अक्ष थांबेल, मग ब्रेक पकडेल, त्यानंतरच ड्राइव्ह बंद.