विजयदुर्ग-देवगड : दोन रात्री पुरतील का?

बी-२०४ : नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत आम्ही चार घरं मिळून कोकणात जायचं म्हणतोय. गर्दी नको, डीजे नको, शांत गाव हवं. किल्ला, समुद्र आणि आईंसाठी एखादं जुनं देऊळ. कोणी विजयदुर्ग केलंय का?

ए-१०२ : दादा, विजयदुर्गला काय करणार? एक किल्ला बघितला की संपलं. मालवणला चला, स्कूबा आहे, पॅरासेलिंग आहे.

बी-२०४ : नाताळात मालवणला गाडी लावायला जागा मिळाली तर स्कूबा!

डी-५०२ : आमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. पायऱ्या किती आहेत ते आधी सांगा. आणि त्या पूर्ण शाकाहारी आहेत.

सेक्रेटरी : विषय चांगला आहे, पण उद्या सकाळी ९ ते १२ टाकी धुवायची आहे हा मेसेज वर गेला. पाणी भरून ठेवा. चालू द्या.

ए-६०१ काकू : अरे, माझं माहेर देवगडचं. मला टॅग करायचं ना! जरा वेळाने सविस्तर लिहिते, कुकर लावलाय.

बी-२०४ : काकू, तुमचीच वाट बघत होतो 🙏

सी-३०३ सर : तोपर्यंत इतिहास सांगतो. किल्ला मूळचा शिलाहार राजा भोज दुसरा याच्या काळातला, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीचा. तेव्हाचं नाव घेरिया. शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये आदिलशाहीकडून घेतला आणि विजयदुर्ग नाव दिलं. पुढे आंग्र्यांचं आरमार इथे होतं. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचा ॲडमिरल वॉटसन समुद्रातून आणि क्लाइव्ह जमिनीवरून आला. बंदरातलं तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं आणि किल्ला पडला. वाईट याचं वाटतं की इंग्रजांना बोलावलं होतं पेशव्यांनीच. स्वतःचंच आरमार बुडवायला परक्याची मदत! गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जे १२ मराठा किल्ले गेले त्यात हा आहे.

ए-१०२ : सर, हेलियमचा शोध पण तिथेच लागला ना? आत्ताच एक फॉरवर्ड आलाय. १८६८ मध्ये लॉकियर नावाच्या शास्त्रज्ञाने विजयदुर्गावरून ग्रहण बघितलं आणि हेलियम शोधला. तिथे 'साहेबाचे ओटे' पण आहेत म्हणे, दुर्बिणी ठेवायचे चौथरे.

सी-३०३ सर : ओटे आहेत. गोष्ट मात्र दोन ग्रहणांची खिचडी झालेली आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण यान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाहिलं ते आंध्रात, गुंटूरहून. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. त्यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश फाकून दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यात, हेलियमची पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रॅमसेने १८९५ मध्ये प्रयोगशाळेत हेलियम मिळवलासुद्धा होता.

ए-१०२ : मग दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन का करतात?

सी-३०३ सर : करू देत की. त्या निमित्ताने शाळेतली पोरं वर्णपट म्हणजे काय ते विचारतात. पण तिथे गेल्यावर पोरांना खरी गोष्ट सांगा, ती जास्त रंगतदार आहे. ग्रहणाच्या काही मिनिटांसाठी माणूस विलायतेहून दुर्बिणी घेऊन बोटीने विजयदुर्गात उतरतो, आणि त्याच्या मदतीला इंग्रजी युद्धनौकेवरचे खलाशी!

डी-५०२ : सर, छान. पण पायऱ्या?

ए-६०१ काकू : आले. आता नीट वाचा.

मुक्काम एकाच ठिकाणी करा, विजयदुर्गात किंवा देवगडात. चार घरं म्हटल्यावर देवगड बरं, राहायची सोय जास्त. रोज बॅगा भरून गाव बदलायचं असेल तर कोकणात जाऊच नका. आणि त्यात मालवण घुसडू नका. दोन रात्रीत मालवण धरलंत की अर्धा वेळ गाडीत जाईल.

किल्ला. पायऱ्या आहेत, पण गडावर चढतो तशी चढण नाही. किल्ला पाण्यालगत आहे, तीन बाजूंनी समुद्र, एका बाजूने गाव. आजींना गोमुखी दरवाजापर्यंत आणि आतल्या सपाटीवर हळूहळू नेता येईल, तटावर चढवू नका. बाहेर मारुती आहे, आत भवानीचं देऊळ आहे, तिथे सावलीत बसतील. पसारा मोठा आहे, १७ एकरांच्या आसपास, म्हणून उन्हाच्या आधी जा. आत पाणी मिळेल या भरवशावर राहू नका. आणि लहान मुलांचा हात सोडायचा नाही, तटाला सगळीकडे कठडा नाही. खालून लाटा आदळतात ते बघायला मुलं कडेला धावतात.

बी-२०४ : समुद्रात पोहायला कुठला किनारा चांगला काकू?

ए-६०१ काकू : पोहायला कुठलाच सांगणार नाही. पाय भिजवा, घोट्यापर्यंत. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं आणि वरून समुद्र अगदी शांत दिसतो. दर सुट्टीत शहरातून आलेली पोरं जातात, आणि शोधायला आमच्या होड्या. माझे वडील पाहुण्यांना वेळ सांगितल्याशिवाय किनाऱ्यावर सोडायचे नाहीत. ती वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती.

ए-१०२ : म्हणजे?

ए-६०१ काकू : म्हणजे पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार. पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, त्याच्या साधारण सहा तास अलीकडे-पलीकडे पूर्ण ओहोटी. म्हणजे त्या दिवशी सकाळी दहाला वाळू भरपूर मोकळी, फिरायला उत्तम. अष्टमीला आठ पाऊण सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच.

सी-३०३ सर : वा! पाऊणकीचा पाढा कुठे कामाला आला बघा. आणि बरोबर आहे. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो म्हणून.

ए-१०२ : पाऊणकी म्हणजे काय विचारलं तर हसाल का 😅

सी-३०३ सर : हसणार नाही. पाऊणचा पाढा रे, एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड. बाकीचा शिकायला रविवारी वर ये.

ए-६०१ काकू : अंदाजच आहे हो, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. आणि अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी असते, तेव्हा किनाऱ्यावर गाडी उतरवू नका. वाळूत रुतलेली गाडी आणि येणारी भरती, मग ट्रॅक्टर शोधत पळायचं. दर सुट्टीत एक तरी असतो.

डी-५०२ : काकू, देवळांचं सांगा ना.

ए-६०१ काकू : कुणकेश्वर तर आहेच. देऊळ अगदी समुद्राला लागून, पायऱ्यांवर बसलं की समोर पाणी. तारामुंबरी-मिठमुंबरीचा पूल झाल्यापासून देवगडहून जाणं खूप सोपं झालंय. महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, डिसेंबरात निवांत असतं. तरी नाताळातली दुपार टाळा, सकाळी लवकर जा.

पण मला विचाराल तर गिर्याचा रामेश्वर चुकवू नका. विजयदुर्गाच्या अलीकडेच गिर्ये गाव आहे. सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, ओलांडून जाता, सगळीकडे करपलेलं गवत आणि काळा-तांबडा कातळ, देवळाचा मागमूस नाही. मग जांभ्यात खोदून काढलेली वाट लागते. दोन्ही बाजूंना दगडाच्या भिंती, पायाखाली उतार, एकदम गार. आणि खाली देऊळ. तिथेच संभाजी आंग्र्यांची समाधी आहे. बहुतेक गाड्या पुढे किल्ल्याकडे निघून जातात, कोणी वळतच नाही. वाडा गावचा विमलेश्वरही असाच डोंगरात कोरलेला, दाराशी दगडी हत्ती. मुलांना तो आवडेल.

सी-३०३ सर : गिर्ये म्हटलं की खाडीतली मराठ्यांची गोदीसुद्धा सांगा. वाघोटनच्या खाडीत खडक फोडून केलेली आहे. जहाजं दुरुस्तीला आत घ्यायची जागा. माझ्या मते किल्ल्याइतकीच महत्त्वाची, पण तिथे ना नीट पाटी ना माणूस.

ए-६०१ काकू : खरं आहे. ओहोटीला जा, नाहीतर नुसतं पाणी दिसेल. परत पाऊणकी!

बी-२०४ : जेवणाचं काय?

ए-६०१ काकू : घरगुती खाणावळीत आदल्या रात्री सांगून ठेवा, किती माणसं, किती शाकाहारी. ऐनवेळी वीस जण दारात उभे राहिलात तर काय मिळणार? शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं, घावणे, कुळथाची पिठी, सोलकढी. आजी खूश होतील. मासे खाणाऱ्यांनी दर आधी विचारावा, ताटावर बसल्यावर नाही. आणि मार्गशीर्षातला गुरुवार आला तर बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत, हट्ट करू नका.

ए-१०२ : हापूस मिळेल ना? देवगडला जाऊन हापूस नाही म्हणजे...

ए-६०१ काकू : डिसेंबरात मोहोर मिळेल, वास घे पोटभर 😄 आंबा खायचा तर एप्रिल-मेमध्ये जा. आत्ता कोणी हापूस म्हणून काही विकायला आलं तर पाकीट खिशात ठेव.

डी-५०२ : संध्याकाळी सातनंतर काय करायचं तिथे? मुलं कंटाळतील.

ए-६०१ काकू : कंटाळू देत एक दिवस. नाहीतर जवळच्या गावात जत्रा आहे का विचारा. हा जत्रांचाच हंगाम, आणि जत्रेत रात्री दशावतार असतो. उशिरा सुरू होतो, पहाटेपर्यंत चालतो. पडद्यामागे जाऊन बघा, साडी नेसून राणी झालेला बाप्या बिडी ओढत बसलेला असतो आणि दोन मिनिटांत बाहेर येऊन असा रडतो की बायका पदर डोळ्याला लावतात. संवाद पाठ केलेले नसतात, तिथल्या तिथे बोलतात. स्कूबापेक्षा हे दाखव त्या मुलांना.

ए-१०२ : ठीक आहे, मालवणचा हट्ट सोडला. मी पण येतो, जागा आहे का?

बी-२०४ : मधली सीट. रस्त्याचं कोणी सांगा, कोल्हापूर-गगनबावड्यावरूनच ना?

सी-३०३ सर : हो, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे. तळेऱ्याहून विजयदुर्ग पन्नासेक किलोमीटर. देवगडला जायचं तर वाटेत पडेल कँटीनला डावीकडे वळा. करूळ घाट चालू आहे का ते निघण्याच्या आदल्या दिवशी विचारा, नाहीतर भुईबावडा किंवा फोंडा. इथून आठ-नऊ तास धरा.

ए-६०१ काकू : पडेल कँटीन हे गावातल्या नाक्याचं नाव आहे, कोणी मिसळ शोधत बसू नका. आणि रोख पैसे जवळ ठेवा, रेंज सगळीकडे नसते.

बी-२०४ : गाडीवाला म्हणतो घाट अंधारात नको, पहाटे चारला निघू. सगळ्यांनी पावणेचारला गेटवर या.

सेक्रेटरी : या, पण गेटवर हॉर्न नको. मागच्या वेळी सी विंग पूर्ण जागी झाली होती. आणि पुढचं बोलणं वेगळा ग्रुप करून करा, टाकीचा मेसेज परत खाली टाकतोय.