शब्दचर्चा : 'आतल्या गाठीचा', 'घुमा' आणि विश्वास 'बसणे'

वळीव :
दिवाळी अंकासाठी एक कथा लिहिते आहे, तिथे शब्दांपाशी अडले. नायक भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक. दिवसभर दुसऱ्यांच्या हद्दी मोजतो, स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही. नायिका एसटीत वाहक. अख्ख्या गाडीची थट्टा करते, म्हाताऱ्यांना नातवंडांची खबरबात विचारते, पण तिच्या घरी कोण असतं हे वर्षानुवर्षं बरोबर ड्यूटी करणाऱ्या चालकालाही ठाऊक नाही. दोघंही पूर्वी कुठेतरी पोळलेली. रात्रीच्या मुक्कामी गाडीत रोज गाठ पडते. पुढे व्हायचं ते होतं, पण फार सावकाश.

नायकाला मी 'आतल्या गाठीचा' म्हटलं. मावशीने खर्डा वाचून विचारलं, "अगं, हा नायक आहे की भाऊबंदकीतला चुलता?" हा शब्द इतका वाईट आहे का? आणि अखंड बोलूनही काहीच न सांगणाऱ्या बाईला काय म्हणायचं? शेवटी 'ते प्रेमात पडले' असं मला लिहायचं नाहीये. ही दोघं कशातच पडणारी नाहीत, पायाखालची फळी चाचपून पाऊल टाकणारी आहेत.

पाटीपेन्सिल :
मावशींशी सहमत. 'आतल्या गाठीचा' म्हणजे नुसता कमी बोलणारा नव्हे. त्याच्या मनात काहीतरी शिजतंय आणि ते आपल्याला कळू देत नाही, असा संशय त्यात असतो. "जरा जपून हो, आतल्या गाठीचा आहे तो" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलंय. "किती गोड मुलगा, अगदी आतल्या गाठीचा" हे कुणी ऐकलंय?

बाकीचे शब्दही तपासून घ्या. 'मितभाषी' हा स्थळांच्या माहितीपत्रकातला आणि निवृत्तीच्या भाषणातला शब्द, त्याला माणसाचा वास नाही. 'मुखदुर्बळ' माणसाला बोलायचं असतं पण जमत नाही, तुमच्या नायकाला बोलायचंच नाहीये. 'एकलकोंडा' एकटेपणात रमतो. 'तुसडा', 'तिरसट' आणि 'माणूसघाणा' हे समोरच्याला झटकून टाकतात. 'भिडस्त' दुसऱ्याला नाही म्हणू शकत नाही, ते वेगळंच दुखणं. 'अबोल' सौम्य आहे, पण कवितेत फार वापरून गुळगुळीत झालाय. राहता राहिला 'घुमा'. "घुम्यासारखा बसून असतो" हे घरातल्या बायकांच्या तोंडचं. त्यात राग असतो, पण दुष्टावा नसतो.

यातला एकही शब्द माणूस स्वतःला लावत नाही, हे लक्षात घ्या. "मी जरा घुमा आहे" असं कोण म्हणतं? हे सगळे बाहेरून चिकटवलेले शिक्के. तेव्हा निवेदनात विशेषण घालूच नका. घुमा म्हणायचंच असेल तर चालकाला म्हणू द्या. तुम्ही फक्त लिहा की तो खिडकीच्या सीटवर अंग चोरून बसतो. (सावधान : 'अंग चोरून बसणे' वेगळं आणि 'अंगचोर' वेगळा. दुसरा म्हणजे कामचुकार. मोजणी खात्याचे लोक आधीच शिव्या खातात, त्यात भर नको.)

संत्रागोळी :
नायिकेसाठी विशेषण शोधत बसू नका, वाक्प्रचार तयार आहे : ताकास तूर लागू देत नाही. 'मनाचा थांग लागू देत नाही' हेही आहे, पण ते जरा गंभीर. तुमच्या बाईला ताक-तूरच शोभेल. 'हातचं राखून बोलते' हेही बघा. बेरीज शिकताना आपण 'हातचा एक' म्हणायचो, तो हातचा हिने कधी पुढच्या घरात मिळवलेलाच नाही.

दोघांनाही मिळून : दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

आणि 'प्रेमात पडले'ला पर्याय हवा असेल तर नागपूरकडे या. आम्ही म्हणतो, "त्यांचं जमून राहिलं." जमलं नाही अजून, जमतं असंही नाही, जमून राहिलं. पुण्याचे लोक या 'राहिलं'ला हसतात, पण इतक्या सावकाश होणाऱ्या गोष्टीला याहून नेमकं क्रियारूप दाखवावं त्यांनी.

काथ्याकूट :
हसत नाही, उलट हेवा वाटतो. पण माझ्या मते तुमच्या कथेचा खरा शब्द 'विश्वास' आहे आणि त्याची गंमत त्याच्या क्रियापदांत आहे.

विश्वास ठेवतात, टाकतात. तो बसतो, उडतो, त्याला तडा जातो. पहिल्या दोघांत माणूस कर्ता आहे. बाकीच्यांत नाही. 'माझ्यावर विश्वास ठेव' असा आज्ञार्थ होतो. 'बसणे'चा आज्ञार्थ करून बघा, होतच नाही. फार तर 'माझ्यावर तुझा विश्वास बसू दे' अशी विनवणी होईल. म्हणजे ठेवणं हा निर्णय आहे आणि बसणं ही घडणारी गोष्ट. जम बसतो, घडी बसते, तसा हा आपोआप, आपल्या वेळेने बसतो.

प्रेमाच्या घरातही हीच जोडी आहे. जीव लावणे आणि जीव लागणे. लळा लावणे आणि लळा लागणे. "त्याला तिचा लळा लागला" या वाक्यात 'त्याने' काहीच केलेलं नाही, तो चतुर्थीत बसून आहे. 'जडणे'ला तर करणारं रूपच नाही : जीव जडतो, तो कुणी जडवत नाही. 'जडवणे' सोनाराकडे.

'भरवसा' मात्र विश्वासाच्या जागी घालू नका. पावसाचा भरवसा नसतो, पावसाचा 'विश्वास नसतो' असं आपण म्हणत नाही. भरवसा पुढे काय घडेल याचा, विश्वास माणसावर. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो तो त्यामुळेच. 'खात्री' ही माहितीची. 'इतबार' जुन्या कागदपत्रांत शोभतो, तुमच्या एसटीत नको.

पाटीपेन्सिल :
आणि विश्वासाचं काय झालं म्हणून विचारलं, तर आपल्याकडे उत्तर ठरलेलं : तो पानिपतात गेला. १४ जानेवारी १७६१ला विश्वासराव पडले, त्यावरची ही कोटी आजही उधारी मागणाऱ्याच्या तोंडावर मारतात. तुमच्या वाहकबाईच्या तोंडी फिट्ट बसेल. पोळलेलं माणूस असल्याच विनोदाच्या आडोशाला उभं राहतं.

वळीव :
हे फार कामाचं झालं. आता एक प्रसंग सांगते, तिथे कुठलं क्रियापद ते सांगा.

तिकीट पस्तीस रुपये. तो पन्नासची नोट देतो, तिच्याकडे सुट्टे नाहीत. ती तिकिटाच्या मागे पेनाने '१५ बाकी' लिहून देते, नेहमीसारखं. तो उतरताना मागत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मागायला बोलावं लागेल म्हणून नाही मागत, एवढंच. तिला वाटतं, हा आपली परीक्षा बघतोय. एका रात्री ती स्वतःच पंधरा रुपये पुढे करते आणि म्हणते, "तिकीट दाखवा." तो शर्टाच्या खिशातून ते काढतो. मशीनची छपाई खिशातल्या उष्णतेने काळवंडून गेलीय. गावांची नावं, तारीख, काही वाचता येत नाही, फक्त तिच्या हातचा आकडा शाबूत. ती पैसे न देता तिकीट परत करते. म्हणते, "असू दे बाकी."

तर इथे तिने विश्वास ठेवला की तिचा बसला?

संत्रागोळी :
कुठलंच नाही. इथे ती उधारी चालू ठेवून राहिली, बास. विश्वासाचं नाव काढाल तर प्रसंग मरेल.

पाटीपेन्सिल :
मला वाटतं ठेवला. अशा माणसांनी बसायची वाट बघितली तर मुक्कामी गाडी पहाटे निघून जाईल. आधी ठेवावा लागतो, थोडा, पंधरा रुपयांइतका. मग कधीतरी बसतो.

काथ्याकूट :
उलट आहे. "मी विश्वास ठेवते तुझ्यावर" असं ज्याला मुद्दाम म्हणावं लागतं त्याचा अजून बसलेला नसतो. बसल्यावर कुणी वाक्य बोलत नाही, हिशेब करणं थांबतं. तिचं थांबलेलं दिसतंय.

सोलकढी :
फोंड्याहून नमस्कार. तुम्ही 'लोभ' विसरलात का? संस्कृतातला लोभ म्हणजे हाव, सहा शत्रूंपैकी एक. पण मराठी पत्राच्या तळाशी येऊन तो सुधारला : 'लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.' कागदावर प्रेम लिहायला लाजणाऱ्या पिढ्यांनी या एका शब्दावर संसार केले. नवऱ्याने बायकोला लिहिलं तरी 'लोभ असावा', मामलेदाराला लिहिलं तरी तेच. ज्याला जे वाचायचं ते त्याने वाचावं. राखून वागणाऱ्या माणसांसाठी याच्याएवढा सोयीचा शब्द मला दुसरा दिसत नाही. तुमच्या भूकरमापकाला एखादी चिठ्ठी लिहायला लावा.

आमच्या कोंकणीत निरोप घेताना 'मोग आसूं' म्हणतात. मोग म्हणजे प्रेमच, आडपडदा नाही. 'हांव तुजो मोग करतां' हे लग्न झालेलं माणूसही भर स्वयंपाकघरात म्हणू शकतं. मी घरात कोंकणी बोलते, लिहिते मराठीत. मोग कोंकणीतच करावा आणि लोभ मराठीत ठेवावा, असं माझं मत.

आजोळ :
विशेषणं झाली, क्रियापदं झाली, पण सर्वनामाकडे कुणी बघेना. मराठीत दोन माणसांमधलं अंतर तिथे मोजलं जातं.

वाहक प्रवाशाला 'तुम्ही' म्हणणार, तोही तिला 'तुम्ही'च. आता हे 'तू'वर कधी आणणार? वळीवताई, एकदम उडी मारू नका. तालुक्याच्या गाडीत बाईने सरकारी माणसाला "अरे" म्हटलं तर शेवटच्या बाकापर्यंत माना वळतील. मधली पायरी आपल्या भाषेत आहे, ती म्हणजे कर्ता गाळणं. "चहा घेणार?" "उशीर झाला आज?" "जेवण झालं?" यात तूही नाही आणि तुम्हीही नाही, 'घेणार' दोन्हीकडे चालतं. जुन्या बायका नवऱ्याशी असंच बोलायच्या, "इकडून कधी येणं झालं?" तेव्हा ती मर्यादा होती. तुमच्या दोघांत ती चाचपणी होईल. पानंच्या पानं असं लिहा, वाचकाला कळणारही नाही की यांनी एकमेकांना अजून हाकच मारलेली नाही.

आणि मग 'आपण'. हा शब्द तीन कामं करतो. 'आपलं आपण बघावं' यात तो स्वतःपुरता. 'आपण आसनस्थ व्हावं' यात आदराने लांब ठेवलेला समोरचा माणूस. 'आपण निघू या' यात मात्र बोलणारा आणि ऐकणारा एकत्र. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. तुमचा नायक लगतधारकांना, म्हणजे शेजारच्या जमीनधारकांना, नोटिसा धाडतो ना? 'मोजणीच्या वेळी आपण समक्ष हजर राहावे.' म्हणजे हा माणूस दिवसभर पहिले दोन 'आपण' जगतो, एक कागदावर आणि एक स्वतःपुरता. तिसरा त्याच्या तोंडून किती उशिरा काढायचा ते तुमच्या हातात. एखाद्या रात्री गाडी अर्ध्या वाटेत बंद पडेल आणि तो म्हणेल, "आपण चालत जाऊ." 'प्रेमात पडले' लिहायची गरजच उरणार नाही.

('पडणे'बद्दल जाता जाता : मोहात पडतो, पेचात पडतो, विचारात पडतो. मराठीत माणूस पडायला कमी जागा नाहीत, प्रेम त्या रांगेत सुखाने बसलं. वावडं धरण्यासारखं त्यात काही नाही, पण तुमच्या दोघांना शोभणार नाही हे खरं.)

काथ्याकूट :
सर्वनामाला माझे हात जोडून दाद. फक्त "गाडी बंद पडणे" फार सोपं आहे, लेखिका दुसरं काही शोधतीलच.

राहिला प्रश्न दोन टोकांच्या माणसांचा. त्याला आपण म्हणतो छत्तीसचा आकडा. देवनागरी ३६ लिहून बघा, ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे. इंग्रजी अंकांत ही गंमत दिसत नाही, त्यामुळे हल्लीच्या मुलांना वाक्प्रचार पाठ असतो पण कारण माहीत नसतं. उलटं लिहिलं की ६३, समोरासमोर. आणि मौज अशी की पत्रिका जुळवताना सगळ्यात उत्तम आकडाही छत्तीसच! वर्णाचा १, वश्याचे २, असं करत नाडीच्या ८ पर्यंत बेरीज ३६. निम्मे म्हणजे १८ जुळले तरी भटजी मान डोलावतात. एकच आकडा, भांडणालाही आणि बोहल्यालाही. 'तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना' हे कुणाला सुचलं असेल ते याच हिशेबातून, असं म्हणायचा मोह होतो. पुरावा नाही, पण मोह आहे.

पाटीपेन्सिल :
'माणसाळणे' सुचवणार होतो, पण ते जनावरांचं. 'भीड चेपली' बरं वाटतं, मात्र त्यातही "जरा जास्तच चेपली" असा सूर लपलेला असतो. 'सलगी'तही तेच, 'घसट' तर थेट चहाटळांचा शब्द. हे तिन्ही डेपोतल्या कुजबुजीसाठी ठेवा. 'मेतकूट जमलंय' हेही तिथलंच.

वळीव :
'आतल्या गाठीचा' काढला. 'घुमा' चालकाच्या तोंडी दिला. '१५ बाकी'च्या पुढे एकही क्रियापद ठेवलं नाही, संत्रागोळी जिंकले. तिसऱ्या 'आपण'साठी जागा शोधते आहे, गाडी बंद पाडणार नाही. एकच राहिलं : चालक तिला काय हाक मारेल, 'बाई' की 'मॅडम'?

संत्रागोळी :
'मॅडम'. 'बाई' शाळेत.