‘आडवा छेद’ म्हणजे नेमका कुठला?

विचारणा: इमारतीच्या रेखाचित्रांवरचा मजकूर मराठीत करते आहे. प्लॅनला ‘वरून दिसणारे दृश्य’, क्रॉस सेक्शनला ‘आडवा छेद’, लाँगिट्यूडिनल सेक्शनला ‘उभा छेद’ आणि एलेव्हेशनला ‘दर्शनी भाग’ असे शब्द योजले आहेत. चालतील का?

उत्तर: मला चारही खटकतात, पण सर्वांत घातक ‘आडवा छेद’. हा शब्द आपण वनस्पतिशास्त्रातून उचलतो. तिथे खोड उभे असते आणि ते आडवे कापतात, म्हणून तिथे तो चपखल बसतो. इमारतीचा क्रॉस सेक्शन मात्र रुंदीच्या दिशेने घेतलेला उभा काप असतो. पाया, जोते, मजल्यांची उंची, स्लॅबची जाडी हे सगळे त्यातच दिसते. लाँगिट्यूडिनल सेक्शनही उभाच, फक्त लांबीच्या दिशेने. म्हणजे दोन्ही ‘उभे छेद’ झाले आणि एकाला ‘आडवा’ म्हटले की वाचणारा फसला. ‘रुंदीतून छेद’ आणि ‘लांबीतून छेद’ म्हणा. शब्द साधे आहेत, पण काप कुठून गेला हे लगेच कळते.

आता गंमत अशी, की इमारतीचा खरा आडवा छेद म्हणजे प्लॅन! वरून पाहिले तर छप्पर दिसेल, खोल्या कशा दिसणार? जमिनीपासून साधारण 1 ते 1.5 मीटर उंचीवर इमारत आडवी कापली, वरचा भाग बाजूला ठेवला आणि खाली पाहिले, अशी कल्पना प्लॅनमागे असते. ही उंची अशी धरतात की दारे-खिडक्या कापात याव्यात. म्हणून कापलेल्या भिंतींची रेषा जाड, आणि खाली दिसणारी पायरी किंवा ओटा यांची बारीक. डोक्यावरचे छज्जे, माळे, तुळया खरे तर काढून ठेवलेल्या भागात गेल्या, तरी त्या तुटक रेषांनी दाखवतात. जिना वर चढताना कापाच्या पातळीला अडतो, म्हणून प्लॅनमध्ये त्यावर तिरकी तुटरेषा (चित्र इथे तोडले आहे हे सांगणारी रेषा) येते आणि चढाची दिशा बाणाने दाखवतात. ‘वरून दिसणारे दृश्य’ हे वर्णन फक्त छताच्या प्लॅनला लागू पडते. मजल्याच्या प्लॅनला ‘तलचित्र’ म्हणता येईल, नाहीतर सरळ ‘प्लॅन’च ठेवा, बांधकामावरच्या प्रत्येकाला तो कळतो.

विचारणा: मग एलेव्हेशन? ‘दर्शनी भाग’ तर सर्रास ऐकू येतो.

उत्तर: ऐकू येतो, पण दर्शनी म्हणजे पुढचा. मागच्या भिंतीचेही एलेव्हेशन असतेच, त्याला दर्शनी कसे म्हणणार? शिवाय ते भिंतीचे नाव नाही, इमारतीच्या एका बाजूच्या समोरून काढलेल्या चित्राचे आहे. ‘बाजूचित्र’ मला आवडेल: पूर्वेचे बाजूचित्र, उत्तरेचे बाजूचित्र. इथे एक संकेत पक्का लक्षात ठेवा. उत्तरेचे एलेव्हेशन म्हणजे उत्तरेकडे तोंड असलेली बाजू. पाहणारा उत्तरेला उभा राहून दक्षिणेकडे पाहत असतो. मजकुरात ‘उत्तरेकडे पाहताना’ असे लिहिलेत तर उलटीच बाजू होईल. एलेव्हेशनमध्ये लांबचे लहान दिसत नाही, सगळे समांतर प्रक्षेपणाने मापात येते. त्यामुळे ‘देखावा’ हा शब्दही टाळा, त्याने यथादर्शनाचा, म्हणजे लांबचे लहान दाखवणाऱ्या चित्राचा, भास होतो.

आणखी एक प्रतिसाद: ‘बाजूचित्र’ पटले. छेदरेषेबद्दल, म्हणजे काप कुठून गेला हे दाखवणाऱ्या रेषेबद्दल, एक भर. प्लॅनवर ती बारीक साखळीरेषेने (आलटून-पालटून लांब-आखूड तुकड्यांच्या रेषेने) काढतात, टोके जाड असतात आणि बाण पाहण्याची दिशा दाखवतात. दोन्ही टोकांना तेच अक्षर लिहितात, म्हणून ‘छेद अ-अ’. मजकुरात हे अक्षर वगळू नये. लांबी-रुंदीच्या नावापेक्षा त्यानेच वाचणारा प्लॅनवरची नेमकी जागा शोधतो. ही रेषा सरळच जाते असेही नाही. जिना आणि स्वच्छतागृह दोन्ही एकाच छेदात दाखवायचे तर ती मध्येच काटकोनात वळवून पुढे नेतात. अशा वेळी ‘पायरीछेद’ म्हणावे का?

उत्तर: नको, जिन्याच्या शेजारी तो शब्द आला की पायरीचाच छेद वाटेल. ‘वळवलेला छेद’ बरा. आणि कापलेल्या भागात भरतात त्या तिरक्या बारीक रेषांना हॅचिंगच म्हणा. ‘छायांकन’ नको, तिथे सावली दाखवायची नसते.