मदत हवी आहे: मुंबई-न्यूयॉर्क अंतर मोजलं, वेळेचं कसं?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात आठवीला भूगोल शिकवतो. ३० सेंमी व्यासाच्या पृथ्वीगोलावर पोट्ट्यांनी मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणला. भरला साडेएकोणतीस सेंमी. परीघ ४०,००० किमी धरला तर अंतर साडेबारा हजार किमी! भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ युरोपच्या दक्षिणेकडून जाते, दोरा मात्र नॉर्वे-आइसलंडवरून. पोरं थक्कच झाली.

ताशी ९०० किमीने चौदा तास येतात. पण जाताना जास्त लागतात, परतताना कमी. उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, हे सांगितलं. मात्र वाऱ्याचा वेग हिशेबात नेमका कसा धरायचा? शिवाय हिवाळ्यातला साडेदहा तासांचा घड्याळफरक पोरांच्या डोक्यात कसा उतरवायचा? कोणी वर्गात करून पाहिलंय का? मोबाइलला रेंज धड नसते, तेव्हा वहीवर जमेल असंच सुचवा.